नववी ब, सहकुटुंब सहपरिवार

एप्रिल उजाडला, जळगावचा पारा चव्वेचाळीसवर जाऊन बसला आणि आमच्या संस्थेला मुलांची दया आली. शिक्षकांची दया तिला कधी येत नाही, त्यामुळे सुट्टी न देता ‘उर्वरित अभ्यासक्रम ऑनलाइन पूर्ण करावा’ असा कागद निघाला. मुख्याध्यापक तोताराम सरांनी तो आम्हाला वाचून दाखवला. वाचताना ते स्वतः ओल्या पंच्याने मान पुसत होते.

कागदाच्या शेवटी एक बारीक ओळ होती. ज्या तुकडीची ऑनलाइन उपस्थिती निम्म्याहून कमी भरेल ती तुकडी पुढच्या वर्षी बंद. धुळ्याहून विभागाचे एक साहेब स्वतः तासात डोकावून खात्री करणार. सरांनी ही ओळ वाचली आणि सगळा स्टाफ माझ्याकडे बघायला लागला. मला असं कोणी बघितलेलं अजिबात खपत नाही. मी पर्स उघडून उगीचच पेन शोधत बसले.

बघण्याचं कारण असं की नववी ब माझी, आणि नववी ब म्हणजे आसोद्याची तुकडी. सगळी पोरं एकाच गावची, एकाच एसटीने येणारी, एकाच एसटीने जाणारी. तुकडी मोडली की निम्मी पोरं सकाळच्या वर्गात, निम्मी दुपारच्या. मग पोरी एकट्यादुकट्या एसटीला उभ्या राहणार का? त्यांचे बाप म्हणतील, पुरे झालं शिक्षण. हे मी मनाचं सांगत नाही. आमच्या पुनमच्या वडिलांनी मला पालकसभेत तोंडावर सांगितलं होतं, सोबत आहे म्हणून पाठवतो, सोबत गेली की शाळा गेली. पुनम वर्गात पहिली येते. माझ्या गणिताच्या तासाला फळ्यावरची माझी चूक दाखवणारी ती एकटीच, आणि तरीही ती मला आवडते, यावरून काय ते समजा.

शिवाय तुकडी गेली की मी ‘अतिरिक्त’. इतकी वर्षं खडू खाल्ल्यावर सरकार आपल्याला अतिरिक्त म्हणतं आणि चोपड्याच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या संस्थेच्या शाखेत पाठवतं. शाखा वाईट नाही. पण माझा नवरा प्रेमराज पिंप्राळ्याच्या घरात एकटा राहिला तर दूध उतू घालवून गॅस विझवेल आणि वास कुठून येतो म्हणून काडी ओढून बघेल, अशी माझी पक्की खात्री आहे.

तर पहिल्या दिवशी मी डायनिंग टेबलावर मोबाईल मांडला, मागे फळा टांगला, इस्त्रीची साडी नेसले आणि ग्रुपवर लिंक टाकली. वर लिहिलं, ‘सकाळी नऊ वाजता गणिताचा तास आहे. सर्वांनी वेळेवर जोडले जावे.’ जोडले गेले तिघं. त्यातल्या एकाच्या कॅमेऱ्यात फक्त छताचा पंखा दिसत होता. दुसऱ्याचा फोन बापाच्या खिशात होता आणि बाप मोटारसायकलवर होता, त्यामुळे माझ्या वर्गात ममुराबादच्या रस्त्याचे सगळे खड्डे ऐकू आले. तिसरी पुनम. तिने विचारलं, मॅडम, बाकीचे कुठे आहेत? मी म्हटलं, येतील. गणिताच्या शिक्षिकेने इतकं खोटं बोलू नये.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी शेजारी मदतीला आले. आमच्या कॉलनीत कोणी बुडत असलं की आधी सल्ला फेकतात, दोर मागून बघतात. वरच्या मजल्यावरचे रुपचंदकाका टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. त्यांच्या काळात फोनला तबकडी होती, पण खातं एकच म्हणून ऑनलाइन मीटिंग हा आपलाच विषय असं त्यांचं मत. त्यांनी मोबाईल हातात घेऊन उलटा केला, सुलटा केला आणि अर्थिंगचा प्रॉब्लेम आहे असं निदान केलं. मोबाईलला अर्थिंग कुठून आणायचं? त्यांनी तो लोणच्याच्या बरणीवर ठेवायला सांगितला, चिनीमातीची आहे म्हणून. शेजारच्या उषावहिनी गच्चीवर ज्वारीच्या बिबड्या वाळत घालून, हात धुतल्यासारखे करून खाली आल्या. त्यांनी सांगितलं की फोन पूर्वेला तोंड करून ठेवा, आणि जाताना पदराला हात पुसत माझा चार्जर घेऊन गेल्या. बरणीवर मात्र मोबाईल चांगला राहिला, हे मान्य करावं लागेल. अजूनही तिथेच ठेवते.

त्याच संध्याकाळी तोताराम सरांचा फोन आला. धुळ्याचे साहेब परवा नऊ वाजता माझाच तास बघणार होते. नाव हितेंद्र नारखेडे. कडक माणूस, असं सर म्हणाले. मी फोन ठेवला आणि प्रेमराजसमोर रडले. रडताना मी काय काय बोलले ते सांगत नाही, पण आसोद्याच्या एसटीपासून त्याच्या आईपर्यंत सगळं आलं त्यात.

प्रेमराजचं लग्नपत्रिका छापायचं दुकान आहे. एप्रिल म्हणजे ऐन हंगाम. त्याने माझा ग्रुपवरचा मेसेज वाचला आणि नाक मुरडलं. म्हणाला, हा काय मेसेज झाला? ‘जोडले जावे’. याला आपल्याकडे कुत्रं येणार नाही. आपल्या माणसाला नोटीस दिली की तो घरात बसतो, निमंत्रण दिलं की मुक्कामी येतो. आग्रह पाहिजे, आग्रह. मग तो चष्मा लावून बसला आणि त्याने त्याला येतं तेच केलं.

वर गणपती. खाली ‘आमच्या येथे श्रीकृपेकरून चि. नववी ब हिचा गणित विषयाचा शुभतास’ वगैरे योजिला असून, तरी या मंगलप्रसंगी आपण सहकुटुंब सहपरिवार, इष्टमित्रांसह अगत्य येण्याचे करावे. स्थळ म्हणून लिंक. शुभमुहूर्त परवा सकाळी नऊ वाजून पाच मिनिटं. निमंत्रक, समस्त नववी ब परिवार. खाली बारक्या पोरांच्या तोंडी, ‘आमच्या मॅडमच्या तासाला यायचं हं!’ आणि सर्वांत शेवटी, कृपया आहेर आणू नये.

मी म्हटलं, हे भलतंच होतंय. तो म्हणाला, परवा वर्ग भरला नाही तर मला बोल. रात्री मी ती पत्रिका ग्रुपवर टाकली आणि हेच माझं चुकलं. एक गोष्ट मी विसरले. नववी बच्या पोरांकडे स्वतःचे फोन नाहीत. फोन घरातल्या कर्त्या माणसाचा. निमंत्रण पोराला गेलं नाही, आबाला गेलं, नानाला गेलं, आणि आबा-नानांनी ते भाऊबंदांच्या ग्रुपवर पुढे सरकवलं, कारण सहपरिवार म्हटल्यावर कोणाला वगळणार? वगळलं की पिढ्यान्‌पिढ्या बोलणं ऐकावं लागतं.

पाहणीच्या दिवशी मी साडेआठलाच बसले. बरणीवर मोबाईल, मागे फळा, बाजूला रुपचंदकाका तांत्रिक सल्लागार म्हणून खुर्ची टाकून. ॲपमध्ये अशी सोय असते की माणसं आधी बाहेर थांबतात आणि आपण एकेकाला आत घ्यायचं. मी ही सोय मुद्दाम चालू केली होती. कोण येतंय ते कळावं, शिस्त राहावी. नऊ वाजता बघते तो बाहेर ही गर्दी. मला कोण आनंद झाला. पटापट आत घेत सुटले. पहिले मोतीलाल आबा भोळे, गावचे मोठे बागायतदार, मागे त्यांचा नातू सोनू माझ्या वर्गातला. मग कोणी सुरतेचे. सुरतेच्या माणसाने आत येताच अहिराणीत विचारलं, बठ्ठा उनात का? मी म्हटलं, हो, सगळेच आलेत. दिसत होतंच. एकेका चौकोनात पाच-पाच डोकी. फेटे, पदर, मांडीवर तान्ही पोरं. एका चौकोनात चहाचे कप फिरत होते. माझी पोरं कडेकडेने डोकावत होती.

तेवढ्यात एक चौकोन काळा झाला. कौतिक नाना. पुनमचे आजोबा. त्यांचा आवाज आला, शांतपणे, पण साऱ्या आसोद्याला ऐकू जाईल असा.

“मोतीलाल माह्यापेक्षा लहान. त्याले आधी घेतलं अन मले दारात उभं केलं. मंग मी कशाले येऊ?”

मी गणिताची शिक्षिका. ज्याने आधी लिंक दाबली त्याला आधी आत घेतलं, माझ्यालेखी विषय संपला. पण आसोद्यात विषय तिथे सुरू होतो. नाना आणि आबा चुलत भाऊ, आणि बांधावरून म्हणा, बैलपोळ्याच्या मानावरून म्हणा, कित्येक वर्षं एकमेकांच्या दारात गेलेले नाहीत. कारण काय ते आता दोघांनाही आठवत नाही, म्हणून तर भांडण टिकून आहे. मी हात जोडून माफी मागितली. मग दुसऱ्या चौकोनातून एक आजी म्हणाल्या की त्यांनाही सुनेच्या नंतर घेतलं. तिसरा म्हणाला, आमचा चौकोन खालच्या ओळीत का? त्याला मी समजावत होते की ओळी मोबाईल लावतो, मी नाही, तर मोतीलाल आबांनी नानांची समजूत काढायला सुरुवात केली, ज्याने नाना आणखी रुसले. सगळे एकदम बोलायला लागले. माझ्या हातून ‘सर्वांचा आवाज बंद’ हे बटण दाबलं गेलं. क्षणभर शांतता. मग फोनवर फोन. आमची तोंडं बंद केली म्हणून तीन घरं रुसली. रुपचंदकाका म्हणाले, अर्थिंग.

शेवटी सगळ्यांचे आवाज पुन्हा सुरू करून दिले, मी फळ्याकडे वळले आणि शिकवायला सुरुवात केली. दुसरं काय करणार? धडा समप्रमाणाचा. पुस्तकातलं पेन्सिलींचं उदाहरण सोडून मी म्हटलं, शंभर माणसांच्या पंगतीला इतक्या बट्ट्या लागतात, तर अडीचशेला किती? माझी पोरं एकदम जागी झाली. पुनमने आजोबांच्या काळ्या चौकोनातून उत्तर दिलं आणि बरोबर दिलं. पण मोठ्यांना ते पटेना. सुरतेचे म्हणाले, बट्ट्या प्रमाणात लागत नाहीत, पंगत मोठी झाली की माणूस जास्त खातो. आजी म्हणाल्या, वरण कोणी केलंय त्यावर आहे. वांग्याची भाजी घोटलेली असेल तर बट्टी कमी पडते हा मुद्दा दोन चौकोनांतून एकदम आला. मी फळ्यावर खाडाखोड करत होते, घाम पुसत होते, आणि खरं सांगू का, मला फार मजा येत होती. असा भरलेला वर्ग मला आयुष्यात मिळाला नव्हता. म्हटलं, या आता नारखेडे साहेब.

साहेब आलेलेच होते. बाहेर उभे होते. आमच्या मोफतच्या ॲपमध्ये शंभर फोनांची जागा असते आणि ती सुरतेपासून पुण्यापर्यंतच्या भाऊबंदांनी कधीच भरून टाकली होती. साहेबांनी धुळ्याहून तोताराम सरांना फोन लावला, सरांनी प्रेमराजला, आणि प्रेमराज हातात फोन घेऊन लुंगीवरच माझ्या फळ्यासमोर येऊन उभा राहिला. माझा आवाज चालू होता.

“अगं, नारखेडे साहेब केव्हाचे बाहेर उभे आहेत. हितेंद्र नारखेडे. आत जागा नाही म्हणतंय.”

मोतीलाल आबांच्या हातातली बशी थांबलेली मला स्पष्ट दिसली.

“कोन? आपले हितेंद्रराव? जावई दारात उभे, अन आपन मांडी घालून बसेल? उठा रे सारे. जागा करा.”

आपल्याकडे पंगतीत जावई आला की काय होतं तुम्हाला माहीत आहे. आधी बसलेले ताट सोडून उठतात. आबांची धाकटी लेक धुळ्याला दिलेली, आणि हितेंद्रराव तिचा नवरा, म्हणजे अख्ख्या आसोद्याचा जावई. एक चौकोन गेला. दोन गेले. मग सगळे भराभर गेले. सुरत गेली, पुणे गेलं, आजी गेल्या. मी ओरडत होते, अहो, थांबा, पोरांना ठेवा, पण पोरं ज्या फोनात होती ते फोनच मान द्यायला उठून गेले होते. पाहता पाहता पडद्यावर मी उरले, माझ्यामागे लुंगीवाला नवरा उरला आणि एक काळा चौकोन उरला. कौतिक नाना. ते रुसलेले होते. दुसऱ्याच्या जावयासाठी ते उठणार नव्हते.

आणि मग साहेब आत आले. कोट घातलेला, एसीत बसलेला, गोरागोमटा माणूस. त्यांनी पडद्यावर नजर फिरवली. फिरवायला फारसं काही नव्हतं. त्यांनी विचारलं, वर्ग कुठे आहे? मी सांगितलं, सर, सगळे तुमच्या मानासाठी उठून गेले. त्यांचा चेहरा असा झाला की ते मला हसू शकत नव्हते आणि रागावूही शकत नव्हते. म्हणाले, “मॅडम, मी इथे जावई म्हणून आलेलो नाही. मला जे दिसतं ते लिहावं लागेल. उपस्थिती एक.”

मी म्हटलं, सर, एक लिहिलं तर तुकडी बंद होईल, पोरींची शाळा जाईल. डोळ्यांसमोर पुनम दिसत होती, एकटी, एसटी स्टँडवर. नाही, एसटी स्टँडवरही नाही, घरात. इतक्यात काळा चौकोन उजळला. कौतिक नानांचं तोंड अगदी कॅमेऱ्याला लागलेलं.

“साहेब, हात जोडतो. पाच मिनटं लिहू नका.”

पुढचं मी आणि साहेब, दोघांनी मिळून बघितलं. नाना फोन हातात घेऊन निघाले आणि तो बंद करायचा असतो हे त्यांना माहीत नव्हतं. पडद्यावर धोतराचा सोगा आला, मग आभाळ, मग एक म्हैस बराच वेळ, मग लिंबाचं झाड उलटं. मागे नानांच्या हाका. “पुनम, चाल. पोरहो, चला रे, मॅडमचा तास कशाले बुडवता?” एका दारात हाक, दुसऱ्या दारात हाक, आणि मागे पोरांच्या चपलांचा आवाज वाढत गेला. उन्हात, चव्वेचाळीस डिग्रीत, आसोद्याच्या गल्लीतून माझी नववी ब पळत होती. साहेब खुर्चीत पुढे सरकून बसले होते. रुपचंदकाकांनी माझा हात धरला होता आणि मीही सोडवून घेतला नाही.

फोन एका मोठ्या दारासमोर थांबला. मोतीलाल आबांचं दार, गावातलं सर्वांत मोठं अंगण त्यांचंच. नाना थांबले. पडद्यावर फक्त उंबरा दिसत होता. कितीतरी वेळ नुसता उंबराच दिसला असं मला वाटलं. मग नानांचा आवाज आला, आणि तो आधीच्यासारखा नव्हता.

“मोतीलाल, पोरींची शाळा जाई राह्यली. सतरंजी टाक.”

आतून सतरंजी झटकल्याचा आवाज आला. नाना उंबरा ओलांडून आत गेले. आबांच्या अंगणात लिंबाखाली पोरं रांगेत बसली, पंगतीला बसतात तशी, आणि नानांनी फोन आबांच्या हातात दिला, कारण आबा उंच. एका चौकोनात अख्खी नववी ब. एकही पोर कमी नाही. घामाने निथळलेली, धापा टाकणारी, पण सगळीच्या सगळी. मला इतकं रडू आलं की मी फळ्याच्या मागे गेले.

साहेबांनी स्वतः हजेरी घेतली. प्रत्येक पोराने उभं राहून ‘हजर’ म्हटलं. मध्येच आबांनी फोन स्वतःकडे वळवून विचारलं, जेवण झालं का, लेकीची तब्येत कशी आहे, आणि साहेब एकदम ताठ बसून म्हणाले, हो आबा, झालं, हो, बरी आहे, मग खाकरले आणि पुढचं नाव घेतलं. मग मी त्यांच्या परवानगीने बट्ट्यांचं गणित पुरं केलं. पुनमने उत्तर पुन्हा सांगितलं. या वेळी कोणी हरकत घेतली नाही, कारण नाना शेजारी उभे होते.

अहवाल दोन आठवड्यांनी आला. तोताराम सरांनी तो स्टाफरूममध्ये उभं राहून वाचला. ‘नववी ब या तुकडीच्या ऑनलाइन तासाची पाहणी केली. सर्व विद्यार्थी प्रत्यक्ष उपस्थित होते. ऑनलाइन उपस्थिती शंभर टक्के. तुकडी कायम ठेवण्याची शिफारस.’ स्टाफ पुन्हा माझ्याकडे बघायला लागला आणि या वेळी मी पेन शोधलं नाही, मान वर करून बघून घेतलं सगळ्यांकडे. खाली आणखी एक ओळ होती. ‘ऑनलाइन वर्ग आसोदा येथे भरत असल्याने वर्गशिक्षिकेने यापुढे ऑनलाइन तासासाठी आसोदा येथे हजर राहावे.’

ही ओळ कुठून आली ते कोणी सांगू शकत नाही. साहेबांना विचारायची माझी हिंमत नाही, आणि आबा-नाना दोघंही म्हणतात आमचा काही हात नाही, पण एकमेकांकडे बघून म्हणतात.

तर सध्या मी रोज सकाळी सातच्या एसटीने आसोद्याला जाते. एक दिवस आबांचं अंगण, एक दिवस नानांचं, नाहीतर पुन्हा कोणी रुसायचं. पोरं सतरंजीवर बसलेली असतात. संस्थेचा नियम म्हणून मी आधी लिंक पाठवते, कौतिक नाना घरातला फोन आणून ती दाबतात, मी त्यांना आत घेते, सर्वांत आधी घेते, ते समाधानाने मान डोलावतात. मग मी दोन्ही फोन सतरंजीच्या कडेला पालथे ठेवते आणि पोरांकडे तोंड करून शिकवायला लागते.